अध्यक्षाच्या पाठीमागे सलीम

३ नोव्हेंबर, उदगीर

गोळीचा प्रवेश आज पहिल्यांदा सलग झाला. माऊली खुर्चीत बसून समोरचं विनोदी नाटक बघतोय. मागचं दार उघडून सलीम आत येतो. पिस्तूल लाकडी आहे, सुतारानं कालच दिलं. काळा रंग अजून बोटांना लागतोय.

माऊली म्हणजे आमचा ज्ञानोबा वायरमन. कुठल्याही दारातून वाकून येणारा माणूस. अमेरिकेचा तो उंच, हडकुळा राष्ट्राध्यक्ष, ज्यानं आपल्याच देशातलं युद्ध लढून देश एक ठेवला, गुलामी संपवली आणि जिंकल्या-जिंकल्या नाटक बघताना गोळी खाल्ली, तो उभा करायला इथे दुसरं कोण मिळणार? संहितेत मी त्याचं नाव ठेवलेलं नाही. नुसता ‘अध्यक्ष’. पुस्तकातलं चित्र दिसू नये, माणूस दिसावा म्हणून. नाटकाचं नावही तेच.

सलीमला म्हटलं, घाई करू नको. मारणारा स्वतः नावाजलेला नट होता. ते थिएटर त्याच्या पायाखालचं, ते नाटक त्याला पाठ. सासूला टोमणा मारायचं वाक्य आलं की सगळ्यात मोठा हशा येतो हे त्याला माहीत. त्या हशात आवाज बुडेल म्हणून तो थांबला. “तूही हशा येईपर्यंत थांब.”

सलीम जरा वेळानं म्हणाला, “ताई, म्हंजे त्याला बी टाळीच पायजे व्हती.”

हे मला लिहिताना सुचलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात बसून हा माणूस दिवसभर काय विचार करतो देव जाणे.

५ नोव्हें.

तालीम बरी. माऊली तिसऱ्या अंकात अजून घाई करतो. खाटेवरचा प्रवेश हास्यास्पद होतोय. गोळी लागल्यावर थिएटरसमोरच्या घरात नेलं, तिथली खाट आखूड पडली म्हणून अध्यक्षांना तिरपं झोपवावं लागलं हे खरं आहे, पण माऊलीचे पाय बाहेर आले की सगळे फिदीफिदी हसतात.

माऊलीनं फोन खिडकीत टेकवून गोळीच्या प्रवेशाचं शूटिंग केलं. हौस.

६ नोव्हें.

सकाळी नवऱ्याबरोबर चहा. अशोकनं फोन पुढे केला. “हे तुझंच आहे ना?”

फोटो. कालच्या शूटिंगमधला. माऊली लग्नाहून थेट आलेला, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मागे सलीम, दाढी, हातात पिस्तूल. वर लिहिलंय: उदगीरमध्ये अध्यक्षाला मारण्याची तालीम, जागे व्हा.

माऊलीनं स्वतःच स्टेटसला टाकला होता, ‘अध्यक्षाचा खेळ खलास’ असं लिहून. त्याच्यावरून कुणी उचलला, कापला, मजकूर बदलला. नगराध्यक्षाची निवडणूक तोंडावर. उभे राहिलेल्या दोघांनाही वाटतंय की खुर्चीतला माणूस म्हणजे आपणच. एरवी मी हसले असते.

माऊली दारात येऊन उभा राहिला. आत येईना. “ताई, मला काय म्हाईत असं व्हईल. मी पुसून टाकला.”

“आता पुसून काय उपयोग,” अशोक आतून म्हणाला.

७ नोव्हें.

ठाण्यावर बोलावलं. मी, माऊली, सलीम. फौजदार तरुण आहे, परभणीकडचा. लाकडी पिस्तूल हातात घेऊन उलटंपालटं बघितलं. नख लावून रंग खरवडला. मग संहिता वाचत बसला. आम्ही बाकावर. सलीम सरळ बसून होता, हात मांडीवर, शाळेत बसतात तसा. मला ते बघवेना.

“मॅडम, ह्यो अध्यक्ष कोन?”

सांगितलं.

“मग नाव टाकायचं ना त्याचं. इथं निवडणूक चालू हाय अन् तुमी नुसतं अध्यक्ष, अध्यक्ष.” बरोबरच होतं त्याचं.

“का मारला?”

म्हटलं, मारणारा हरलेल्या बाजूचा होता. त्यात अध्यक्ष भाषणात म्हणाले की काळ्यांपैकी काही जणांना तरी मताचा अधिकार असावा. या नटानं गर्दीत उभं राहून ते ऐकलं आणि ठरवलं.

“मत देऊ म्हनला म्हनून?”

“हो.”

“अन् दारावर पोलीस न्हवता?”

“होता. जागा सोडून गेला होता.”

त्यानं संहिता मिटली. मग म्हणाला, “मारनाराचं पात्र बदलून टाका. हुकूम न्हाई, सांगून राहिलो.” आम्ही निघताना सलीमकडे न बघता, “दुकान चालू ठेवा, बंद करू नका.”

९ नोव्हें., रविवार

लातूर. सलीमबरोबर एसटीनं गेले, कपडेपटासाठी. लांब काळा कोट, उंच टोपी, बायकोचा घेरदार झगा. मालक ओळखीचा, दर वर्षीचा. कोट मोजून देताना विचारलं, “त्या फोटोतलं नाटक तुमचंच का?” लातूरपर्यंत पोचलं.

“आमचंच.”

त्यानं सलीमकडे बघितलं, मग कोटाची घडी पुन्हा घातली. दिला पण. “कपड्याला काही झालं तर भरून द्यावं लागेल,” असं म्हणाला. इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हता.

परत येताना सलीम खिडकीकडे तोंड करून. निलंगा फाट्याच्या पुढे तो एकदम म्हणाला, “ताई, त्याचं चालणं मला सापडलं. त्यो भेत न्हाई. त्याला वाटतंय लोक आपल्याला खांद्यावर घेतील. भेल्यासारखं करत व्हतो मी, ते चूक हाय.”

माझ्या मनात दिवसभर त्याला काढायचं चाललं होतं, आणि हा पात्राचं चालणं शोधत होता.

११ नोव्हें.

दुपारी सलीमच्या दुकानावरून गेले. चार जण बाकड्यावर. कुणी ओळखीचं नाही. फ्रेमा लावून बघतायत, काढून ठेवतायत. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एक म्हणाला, “सलीमभाई, तुमाला जवळचं दिसत न्हाई का लांबचं?” बाकीचे हसले.

सलीम फ्रेमा पुसून परत ट्रेमध्ये ठेवत होता. मला बघून मानेनंच सांगितलं, जा.

सकाळपासून बसून आहेत म्हणे. दुसरं गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

१२ नोव्हें.

माहितीपत्रक छापायला द्यायचं आहे. तालमीआधी सलीमला बाजूला घेतलं. म्हटलं, काम तूच कर, फक्त नाव दुसरं छापू. समीर वगैरे. दाढी काढली, रंग लावला तर नांदेडच्या स्पर्धेत कोण ओळखणार?

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “पहिल्या अंकात तुमी काय लिवलंय?”

काय लिहिलंय ते मला माहीत होतं. अध्यक्ष निवडून आल्यावर राजधानीला निघाले. वाटेत मारणार अशी खबर आली. लोकांनी भरीला घातलं म्हणून साधी टोपी, अंगावर शाल, असे गुपचूप अंधारात गाडीनं गेले. दुसऱ्या दिवसापासून पेपरांनी चित्रं काढून टर उडवली. त्यांना जन्मभर त्याची लाज वाटली. माऊली तो प्रवेश फार छान करतो.

“मला ते करायला लावू नका ताई. काढायचं तर काढा. पन शाल नका देऊ.”

पत्रकात सलीम शेख छापायला दिलं.

१४ नोव्हें.

रुखसाना घरी आली. सलीमची बायको. याआधी ईदच्या दिवशीच काय ते बोलणं. अशोक घरात होता म्हणून स्वयंपाकघरातच बसली, पाटावर. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“ताई, ह्यांना काढा तुमी.”

म्हटलं, तो तयार आहे का?

“ते कुठून तयार होतील. त्यांच्या तोंडून ‘नको’ निघनार न्हाई, मरेपर्यंत न्हाई. तुमी काढलं तर तुमच्यावर रागावतील. रागावू द्या ना. पन घरी येतील.” मग म्हणाली, “पोरीला शाळेत इचारलं, तुझ्या अब्बाकडं बंदूक हाय का.”

ती उठली. “मी आले होते म्हनून सांगू नका.”

ती गेल्यावर अशोक म्हणाला, “आता तरी?”

मी अध्यक्षांबद्दल इतकं वाचलं. युद्धात रोज माणसं मरत असताना सगळे सांगत होते, थांबवा, तह करा, गुलामीचं राहू द्या. ते थांबले नाहीत. वाचताना किती भारी वाटतं. पण पाटावर बसलेली बाई त्यांना काय म्हणाली आणि त्यांनी तिला काय सांगितलं, ते कुठे सापडत नाही.

१५ नोव्हें.

सलीमला काढलं.

सगळ्यांसमोर सांगितलं. एकट्याला सांगायचं धाडस नव्हतं. म्हटलं, नाटक वाचवायचं तर दुसरा मार्ग नाही. त्यानं पिशवीतून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. “बरं.” चपला घालताना विचारलं, “रुखसाना आलती का?”

“नाही.”

मान हलवली. गेला. तालीम घेतली नाही.

१८ नोव्हें.

मारणारा आता प्रकाश करतो. अडतीवर मुनीम आहे. चांगला मुलगा, पण दात-ओठ खात येतो, डोळे वटारतो. सांगितलं, अरे त्याला वाटतंय तो देश वाचवतोय. प्रकाश हो म्हणतो आणि पुन्हा डोळे वटारतो.

माऊली खुर्चीतून उठून म्हणाला, “ताई, ह्यो मागं आला की मला कळतंय. सलीम आलेला कळत न्हवता.”

दुपारची गोष्ट लिहायची टाळतेय. मी शिकवते ते कॉलेज सुटताना फाटकाशी दोघं उभे. दुकानातल्या चौघांपैकीच. फार अदबीनं बोलले. “मॅडम, त्याला काढलं, चांगलं केलं. आता तेवढं गुलामाचं बी काढा.”

“गुलामाचं म्हणजे?”

“ते न्हाई का, एक जन येऊन इचारतो, मोकळं केलं पन आता ऱ्हायचं कुठं, जमीन कुनाची, पंगतीला बसवनार का. लोक त्याचा इथला अर्थ काढतात. उगं वाद.”

म्हटलं, ते काढलं तर अध्यक्षानं केलं काय? नाटकात राहिलं काय?

“ते तुमचं तुमी बघा की. गोळी हायच ना.”

घरी येईपर्यंत तेच घोळत होतं. म्हणजे सलीम हा त्यांचा विषयच नव्हता. किंवा सलीम पहिला होता.

१९ नोव्हें.

संध्याकाळी सलीमकडे गेले. अशोक म्हणाला, एकटी जाऊ नको, आणि स्वतःच स्कूटर काढली. आत मात्र आला नाही, कोपऱ्यावर थांबला.

सलीम लुंगीवर, पोरीचा अभ्यास घेत होता. मी फाटकाजवळचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. चहा आला. रुखसानानं कप ठेवले आणि उभी राहिली.

“ताईकडं मीच गेले होते,” ती त्याला म्हणाली. “काढा म्हनून मीच सांगितलं.”

सलीमनं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता भडकेल. तो पोरीला म्हणाला, “आत जा बेटा.” बाहेर अशोकनं स्कूटर चालू करून बंद केलेली ऐकू आली.

मग रुखसानाच म्हणाली, “काढलं तरी दुकानात येऊन बसूनच राहिले ना ते? आजबी आलते. मग ह्यांना घरात ठेवून काय मिळालं मला? घरात तर कोंडल्यासारखं करतात. बोलत न्हाईत, जेवत न्हाईत.” त्याच्याकडे वळून, “जावा तुमी. पन मी बी येनार. पयल्या रांगेत बसनार. मला बघू द्या तरी, कशासाठी हे सगळं.”

बारा वर्षांत तिनं त्याचं एकही नाटक बघितलेलं नाही. सलीमनं चहा बशीत ओतला. “उद्या किती वाजता?” मला विचारलं.

प्रकाशला सांगितलं तर त्याला सुटल्यासारखं झालं. पाया पडला!

२२ नोव्हें.

उद्या नांदेड. फौजदारांचा फोन. “पात्र बदललं न्हाई म्हनं.”

“बदललं होतं. परत बदललं.”

तिकडे श्वास सोडल्याचा आवाज. “मी नांदेडला सांगून ठेवतो. मॅडम, माझी बदली व्हईल तुमच्या नाटकापायी.” हसला का, कळलं नाही.

गुलामाचा प्रवेश आहे तसा. एक ओळ कापली नाही. रागानं एक वाढवणार होते, मग म्हटलं नको.

२४ नोव्हें.

काल लिहायला झालं नाही. आता सगळं लिहिते.

टेम्पोत सामान, मागे आम्ही. रुखसाना पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर डबा. थिएटरच्या दाराशी दोन पोलीस. एकाला चहा विचारला तर म्हणाला, “नको, जागा सोडायची न्हाई म्हनून सांगितलंय.”

प्रेक्षक नेहमीपेक्षा जास्त. स्पर्धेला इतके येत नाहीत. बरेच जण नाटक बघायला आलेले नव्हते, हाताची घडी घालून बसले होते. फोन वर धरलेले. मी विंगेत. पहिला अंक दगडासारखा गेला. शालीच्या प्रवेशाला एरवी लोक हळहळतात, काल काही नाही. गुलामाचा प्रवेश सुरू झाला तेव्हा बाल्कनीतून कुणीतरी “बास करा” ओरडलं. माऊली थांबला. त्या दिशेला बघितलं, रागानं नाही, एखाद्याचं गाऱ्हाणं ऐकावं तसं. आणि पुढचं वाक्य बोलला. मी त्याला हे शिकवलेलं नव्हतं.

मग गोळी. खालच्या बाजूला दोघं जण ते विनोदी नाटक करतायत. वरच्या सज्जात माऊली खुर्चीत. सलीम मागच्या दारातून आला. कसा आला ते मलाही कळलं नाही, इतका हलका. पिस्तूल वर. सासूला टोमणा मारायचं वाक्य पडलं.

हशा नाही.

कुणीच हसलं नाही. अख्खं थिएटर सलीमकडे बघत होतं. मीच सांगितलं होतं, हशा आल्याशिवाय नाही. तो थांबला. हात वरच. खालच्या दोघांनी गडबडून वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. मागे खुर्च्या वाजल्या, कुणीतरी उठत होतं. पहिल्या रांगेत रुखसानानं पदर तोंडात धरलेला. मला वाटलं संपलं, पडदा टाकते. दोरीला हातही घातला.

आणि माऊली हसला.

पाठीमागे काय आहे हे न बघता, खुर्चीत मागे रेलून, मांडीवर थाप मारून, वायरमन लोक खांबाखाली हसतात तसा. खरे अध्यक्षही त्या वाक्याला हसले असतील, कोण जाणे. त्याचं ते गडगडाटी हसणं बघून पुढच्या रांगेत एक जण हसला, मग दोघं, मग ते पसरत मागे गेलं. घडी घातलेले हात सुटले. बाल्कनीसुद्धा. खरा, मोठा हशा.

त्या हशात गोळी.

हशा मध्येच तुटला. माऊलीची मान हळूच खाली आली. सलीम कठड्यावरून रंगमंचावर उडी मारून उतरला, पाय मुरगळला खरोखरच, आणि लंगडत पुढे येऊन टाळीसाठी थांबला. चेहऱ्यावर असा आनंद की मला शहारा आला. टाळी आली नाही. तो वाट बघत राहिला. मग चेहरा बदलत गेला. ते मला सांगता येत नाही.

शेवटी टाळ्या झाल्या, सगळ्यांच्या नाही. एक घोळका घोषणा देत बाहेर गेला. पाण्याची बाटली आली, कुणाला लागली नाही.

मेकअप काढताना सलीमनं माऊलीला विचारलं, “तुला कसं कळलं मी थांबलोय?”

“तू थांबनारच की. ताईनं सांगितलेलं.” मग म्हणाला, “म्हनलं आपनच वाट करून द्यावी.”

सलीम आरशात बघत बसला. रुखसाना बर्फ घेऊन आली आणि सगळ्यांदेखत खाली बसून त्याच्या पायाला लावला. नाटकाबद्दल एक शब्द बोलली नाही. डबा मात्र आम्हा सगळ्यांना वाढला.

येताना अशोकचा फोन. म्हणाला, मेल्यावर तो अध्यक्ष सगळ्यांचाच झाला असेल ना, पुतळे वगैरे? म्हटलं, हो. “जिवंतपणी?” अर्धा देश शिव्या घालायचा.

२९ नोव्हें.

स्पर्धेचा निकाल लागायचा आहे. प्रयोगाचे तुकडे फोनवर फिरतायत. एकात नुसती गोळी. एकात गुलामाचा प्रश्न, खाली शिव्याही आहेत, “बरोबर विचारलं” असंही आहे.

आज हिमायतनगरहून फोन आला. तिथल्या कॉलेजच्या संमेलनासाठी प्रयोग हवाय. प्राध्यापक उत्साहानं बोलत होते. मंडप, जेवण, गाडी, सगळं करतो म्हणाले. मग थोडं थांबून, “मारणाऱ्याचं काम कोण करतं म्हणालात?”

म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. “सलीम शेख.”

कुणाशी तरी हातानं फोन झाकून बोलले. “मॅडम, जरा विचारून सांगतो.”

संध्याकाळी सगळे तालमीला जमले. हिमायतनगरचं दुपारीच कळवलं होतं. सलीम अजून लंगडतोय. त्यानं आत आल्या आल्या विचारलं, “फोन आला का त्यांचा?”

“नाही अजून.”

माऊली खुर्ची ओढून बसला. सलीम मागच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, सुरू करा.